शेवट आधीच कळलेला राक्षसपट आपण का बघतो?

गेल्या शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी टीव्ही लावला. आकाशातून काहीतरी पडतं, वेगवेगळ्या देशांतल्या बातम्यांचे तुकडे भराभर सरकतात, कुठल्यातरी नेत्याचं भाषण मधेच तुटतं, पडदा काळा होतो आणि अक्षरं उमटतात, 'सात वर्षांनंतर'. मग गंजलेल्या गाड्या, इमारतींवर चढलेल्या वेली आणि त्या वेलींमधून सरपटत येणारं काहीतरी. दहाव्या मिनिटाला मी मुलीला सांगून टाकलं की हा म्हातारा जाणार, कुत्रा वाचणार आणि त्या प्राण्याला मीठ सोसत नाही असं आत्ता जाता जाता म्हणाले ना, शेवटी तेच कामाला येणार.

आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती. आम्ही मूळचे कुडाळचे. मान वर न करता ती म्हणाली, "तां मरतलांच मा शेवटाक? मगे बघतंस कित्याक गो?"

ते जनावर शेवटी मरणार हे तुला ठाऊक आहे, तर बघतेस कशाला? प्रश्न सरळ होता आणि मला उत्तर देता आलं नाही. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात हा प्रश्न नवा नाही, आणि ऐरोलीला ऑफिसात डबा खाताना विचारलं तर कळतं की तो बहुतेक घरांत आहे. मोबाइलवर कुठलंही ओटीटी उघडा, अशा सिनेमांची अख्खी रांग समोर येते. लोक ते बघतात, संपवतात आणि "काही विशेष नव्हता" म्हणून दुसरा लावतात. यामागे मेंदूचं, कलेचं आणि थोडंसं आपल्या रोजच्या जगण्याचं एक नीट समजावून सांगता येण्यासारखं कारण आहे. ते इथे मांडते.

आधी तीन शब्द

ज्या गोष्टीत जग बुडून गेलेलं आहे आणि उरलेली माणसं कशीबशी जगतायत, तिला इंग्रजीत पोस्ट-अपोकॅलिप्टिक म्हणतात. आपण तिला जगबुडीनंतरची गोष्ट म्हणू. तिच्यात अक्राळविक्राळ प्राणी असला की झाला राक्षसपट. तिसरा शब्द गिल्टी प्लेजर. जे मनापासून आवडतं पण चारचौघांत आवडतं म्हणायची लाज वाटते, ते. मी त्याला चोरटी आवड म्हणेन.

या लाजेशी माझी जुनी ओळख आहे. शाळेत असताना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून, १८९३ साली सुरू झालेल्या त्या वाचनालयातून, मी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आणायची. घरी येताना वर एक 'चांगलं' पुस्तक असायचं आणि खाली धारप. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. घाबरवणारं लेखन हलकं असतं, हे हवेतूनच कळलेलं होतं. पुढे मोठी झाले, पुस्तकांची जागा सिनेमांनी घेतली, आणि ते 'खाली ठेवणं' तसंच राहिलं.

मिसळीची तर्री आणि सिनेमातली भीती

ठाण्याच्या माणसाला ही गोष्ट समजावायला मामलेदार मिसळ पुरेशी आहे. पहिला घास घेतला की जीभ पेटते, नाकातून पाणी येतं, कपाळावर घाम फुटतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य जिभेवरच्या ज्या संवेदकांना जाऊन चिकटतं, ते संवेदक खरं म्हणजे उष्णता ओळखण्यासाठी असतात. त्यामुळे शरीर 'भाजलं, भाजलं' अशी वर्दी देतं. भाजलेलं काहीच नसतं. हे मनाला ठाऊक असतं, म्हणून आपण डोळे पुसतो आणि "अजून थोडी तर्री द्या" म्हणतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरची खाण्याच्या सवयीचा बराच अभ्यास केला. शरीर धोक्याची घंटा वाजवतंय आणि धोका नाही हे मनाला पक्कं ठाऊक आहे, या दोहोंच्या मधल्या जागेत माणसाला आनंद होतो, असं त्यांचं म्हणणं. रडवणारी गाणी, जत्रेतला आकाशपाळणा आणि भीतीचे सिनेमे त्यांनी याच पंगतीत बसवले.

सिनेमातही तेच घडतं. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डला. धोका दिसला की घंटा वाजवायची, हे त्याच्या कामांपैकी एक. पडद्यावर अंधारातून पंजा आला की तो आपलं काम करतो, छाती धडधडते, तळवे ओले होतात. आपण सोफ्यावर बसलेलो आहोत हे समजायला मेंदूच्या पुढच्या भागाला क्षणभर उशीर लागतो. समजल्यावर सुटका होते, पण चढलेली धडधड लगेच उतरत नाही. ती उरलेली धडधड मग पुढच्या आनंदात मिसळते. डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने हे फार पूर्वी मांडलं होतं. नायिका त्या प्राण्याच्या तावडीतून सुटते तेव्हा आपल्याला झालेला आनंद एरवीपेक्षा मोठा का वाटतो, त्याचं हे एक कारण.

प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी करमणुकीसाठी उभारलेल्या एका भुताच्या घरात जाणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती भीती वाटली, किती मजा आली हे विचारलं. २०२० साली त्यांनी जे छापलं ते कुठल्याही मिसळवाल्याला आधीच ठाऊक होतं. भीती अगदी कमी असली तरी मजा नाही, फार झाली तरी नाही. मधे कुठेतरी गोडी असते, आणि ती जागा प्रत्येकाची वेगळी.

खरा धोका आणि पडद्यावरचा धोका यांत किती अंतर असतं, हे ठाण्याने पाहिलेलं आहे. येऊरचं जंगल आपल्या दाराशी. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या शहरात उतरून एका मॉलच्या आवारात शिरला आणि सीसीटीव्हीत दिसला. त्या सकाळी आमच्या इमारतीत कुणाला मजा वाटली नाही. मुलीला शाळेत पाठवलं नाही, फोनवर फोन सुरू होते. वनखात्याच्या लोकांनी काही तासांनी त्याला बेशुद्ध करून नेलं तेव्हा जीव खाली पडला. तीच सीसीटीव्हीची फीत संध्याकाळी मात्र सगळ्यांनी चार-चारदा पाहिली. बिबट्या पकडला गेलाय, हे तोवर कळलं होतं.

शेवट माहीत असणं म्हणजे कठडा

आता आईच्या प्रश्नाकडे येते. शेवट ठाऊक असेल तर रस जातो, असं आपण धरून चालतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन संशोधकांनी, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी, वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट सांगितलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निकाल आले, त्यामुळे हा नियम म्हणून घेऊ नये. पण शेवट कळल्याने गोष्ट मरते, ही समजूत तेवढी ढिली झाली.

याचं कारण मला गच्चीच्या कठड्याशी जोडावंसं वाटतं. विसाव्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल तर आपण मधोमध उभे राहू, खाली बघणारही नाही. कठडा असला की आपण त्याला टेकतो, वाकतो, खाडी कुठे दिसते, ट्रेन कुठे वळते ते बघत बसतो. ठरलेला शेवट हा तो कठडा आहे. पुढे काय होणार या काळजीतून डोळे मोकळे झाले की ते इतरत्र फिरायला लागतात. ही माणसं पाणी कुठून आणतात? त्या प्राण्याचे डोळे बाजूला आहेत की समोर? जुन्या शाळेच्या फळ्यावर अजून काय लिहिलेलं आहे?

आणि हे आपल्याला कुणा परक्याने शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला उलट विचारलं, जत्रेत दशावतार रात्रभर बघायचीस, तेव्हा संकासुर मरणार हे ठाऊक नव्हतं का? वेद पळवणारा तो काळ्या कपड्यांतला असुर, विष्णूच्या हातून त्याचा वध, हे कोकणातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. ती हसली आणि मला सांगायला लागली, की तिच्या लहानपणी गावच्या देवळापुढे संकासुर सरळ प्रेक्षकांत घुसायचा, तिच्या आजोबांसमोर उकिडवा बसून विडी मागायचा आणि आजोबा भीतभीत ती द्यायचे. वधाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. साठ वर्षांनी तिला आठवते ती विडी. त्यानंतरचं आख्यान पुराणातलं, पायपेटी, मृदंग आणि झांजा ठरलेल्या, पण संवाद लिहिलेले नसतात. ते नट तिथल्या तिथे रचतो. लोक ते ऐकायला पहाटेपर्यंत बसतात.

बकासुराचं तरी काय? रोज एक गाडाभर अन्न, दोन रेडे आणि घरटी एक माणूस, ही भीषण पाळी. आणि मग भीम गाड्यातलं अन्न स्वतःच खात बसतो, पाठीवर रट्टे पडत असताना. शेवट कुणाला ठाऊक नाही? तरी लहानपणी प्रत्येकाने भीमाचं ते जेवण पुन्हा सांगायला लावलेलं असतं.

आपल्या काव्यशास्त्राने तर हे फार बारकाईने उलगडलंय. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक हा एक रस आहे, म्हणजे भीतीची चव घेता येते हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी त्यावरच्या भाष्यात शाकुंतलातलं हरिण उदाहरण म्हणून घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागलाय, हरिण मान वळवून वळवून मागे बघतंय, धापांनी उघडलेल्या तोंडातून अर्धे चावलेले दर्भ वाटेवर गळतायत. प्रेक्षकाला इथे भीती जाणवते. पण ती 'मला मारतील' अशी नसते, 'त्या हरणाला मारतील, मला काय' अशीही नसते. माझं-तुझं, इथलं-तिथलं या सगळ्यांतून सुटलेली निव्वळ भीती असते, आणि म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. याला साधारणीकरण म्हणतात. शनिवारी रात्री मी सोफ्यावर जे अनुभवत होते त्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही.

राक्षसच कशाला हवा?

कारण खऱ्या भीतीला चेहरा नसतो. माझं लहानपण कळव्यात गेलं. रात्री वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास घरात यायचा. १९८४ चं भोपाळ नुकतंच घडून गेलेलं होतं. बाबा उठून खिडक्या लावायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्या वासाला ना डोळे होते ना दात. त्याच्यापासून पळायचं कुठे, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

राक्षस ही अशा बिनचेहऱ्याच्या भीतीला दिलेली काया आहे. याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण जपानचं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तो हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट ताकदीचा होता. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी पांढरी राख पडली. बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांच्यातला रेडिओ चालवणारा सप्टेंबरमध्ये वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानी पडद्यावर गोजिरा आला, ज्याला जग गॉडझिला म्हणून ओळखतं. समुद्राच्या तळाशी झोपलेला आणि बॉम्बच्या चाचण्यांनी उठलेला. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून परतताना बेचिराख हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलेलं होतं. रबराचा जड पोशाख घातलेला एक माणूस छोट्या छोट्या खोट्या इमारती तुडवत होता, आणि थिएटरात बसलेल्या जपानी माणसाला ती आपल्या शहरावरून गेलेली आग दिसत होती.

किरणोत्सार दिसत नाही. राक्षस दिसतो, डरकाळी फोडतो, आणि त्याला कुठेतरी एक दुबळी जागा असते. ज्याच्याशी लढता येत नाही, त्याला लढता येईल असं रूप देणं, हे काम माणूस बकासुरापासून करत आलेला आहे.

रिकाम्या शहराचं आकर्षण

जगबुडीनंतरचं जग आपल्याला भयाण वाटायला हवं, तरी ते बघताना मनात कुठेतरी शांत वाटतं. हे बोलून दाखवायला लोक सगळ्यांत जास्त कचरतात, म्हणून यावर जरा थांबते.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सकाळी ट्रान्स-हार्बर पकडणाऱ्या माणसाचा दिवस आठवून बघा. डोक्यात एकाच वेळी घराचा हप्ता, मुलीची क्लासची फी, साहेबांचा न वाचलेला मेल, आईच्या गोळ्या आणि सोसायटीच्या मीटिंगमधला वाद. एकही काम पूर्ण होत नाही, सगळी एकमेकांत गुंतलेली. आणि मग पडद्यावर एक मुलगी आहे. तिला आज संध्याकाळपर्यंत पाणी शोधायचंय आणि दार लावून घ्यायचंय. पाणी मिळालं, दार लागलं, दिवस जिंकला. जगबुडीच्या गोष्टीत जग लहान होतं, कामं मोजकी होतात आणि प्रत्येक कामाचा उपयोग डोळ्यांना दिसतो. तिथे कुणी कुणाला 'तू काय करतेस' विचारलं तर उत्तर 'मी छप्पर दुरुस्त करते' असं असतं. अशा जगाची ओढ वाटणं म्हणजे सगळं नष्ट व्हावं अशी इच्छा असणं नाही. थकलेला माणूस ते बघताना दोन तास आपलं ओझं खाली ठेवतो, एवढंच.

रिकामं शहर आपण एकदा खरोखर पाहिलं, २०२० च्या टाळेबंदीत. पाम बीच रोडवर चिटपाखरू नव्हतं आणि नवी मुंबईच्या पाणथळींत फ्लेमिंगोंचे थवेच्या थवे उतरले होते. ती गुलाबी चित्रं सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. त्याच दिवसांत घराघरांत माणसं तापाने फणफणत होती, हेही आपण विसरलेलो नाही. दोन्ही एकत्र मनात राहिलं. त्यानंतर अशा सिनेमातली वेलींनी झाकलेली इमारत माझ्यासाठी पूर्वीसारखी निव्वळ सजावट राहिली नाही.

"पण बसएवढी मुंगी असूच शकत नाही"

हा आक्षेप आमच्या घरात मुलगी घेते, आणि तो बरोबर आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीने तो समजतो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर असलेल्या टाकीत हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे एक टन वजन. तिन्ही मापं दुप्पट करा. पाणी आठ हजार लिटर, आठ टन. खालचे खांबही जाडीला दुप्पट केले तर त्यांचा छेद मात्र चौपटच होतो. म्हणजे खांबाच्या प्रत्येक इंचावर आता दुप्पट भार. मापं दहापट केली तर वजन हजारपट आणि खांबांचा छेद शंभरपट. गॅलिलिओने १६३८ साली हाच हिशेब मांडला होता. मुंगी बसएवढी झाली तर तिचे सुतासारखे पाय तिच्याच वजनाने मोडतील. शिवाय कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांवाटे हवा आत जाते, आणि तेवढ्या मोठ्या अंगात ती पोचणार नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू जास्त असताना पाऊण मीटरच्या आसपास पंखपसारा असलेले, चतुराच्या कुळातले कीटक होते, पण त्यापुढे गाडी गेली नाही.

मग आपण ते चालवून का घेतो? सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक करार असतो. एक मोठं खोटं माफ. मुंगी मोठी आहे, हे मान्य. पण त्यानंतर मुंगी मुंगीसारखी वागली पाहिजे.

"म्हणजे काहीही दाखवलं तरी चालतं?"

नाही. साचा ठरलेला असणं आणि काम उरकलेलं असणं यांत फरक आहे, आणि चोरट्या आवडीच्या नावाखाली आपण उरकलेल्या कामालाही माफ करत आलोय, ही माझी खरी तक्रार.

२०१८ चा 'अ क्वाएट प्लेस' घ्या. त्यातल्या प्राण्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. एवढा एक नियम. मग त्या कुटुंबाने वाटेवर वाळू पसरलीय, सगळे अनवाणी चालतात, खुणांच्या भाषेत बोलतात. ती भाषा त्यांना येते कारण मुलीला ऐकू येत नाही, आणि तिचं काम करणारी मुलगीही खरोखर बहिरी आहे. वर राहिलेला एक खिळा पाहून आपल्या अंगावर काटा येतो. पुढे काय होणार ते कळलेलं असतं, आणि म्हणूनच येतो. याउलट कितीतरी सिनेमांत पहिल्या तासात पान पडलं तरी धावून येणारा प्राणी शेवटच्या अर्ध्या तासात नायकाचं तीन मिनिटांचं भाषण निमूट ऐकून घेतो. तिथे करार मोडला.

दुसरी कसोटी, राक्षस किती लपवलाय. १९७५ च्या 'जॉज'साठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना तो दाखवताच येईना. म्हणून त्यांनी पाणी दाखवलं, माशाला अडकवलेली पिवळी पिंपं दाखवली, संगीत वाजवलं. मासा नीट दिसेपर्यंत एक तासाहून जास्त वेळ जातो, आणि तोवर प्रत्येकाने मनात आपापला मासा तयार केलेला असतो. आता संगणकावर हवा तेवढा प्राणी दाखवता येतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळा दाखवून टाकतात. पंगतीत आधीच बासुंदी वाढून टाकल्यासारखं होतं ते.

मुलांनी बघावं का?

वयाचं बंधन पाळूनच. २०२३ च्या कायदादुरुस्तीने सिनेमाच्या यूए, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या, प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले, ते पालकांनी खरोखर वाचावेत. लहान मुलाला पडदा आणि घर यांतला कठडा अजून नीट दिसत नसतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. मी शेजारी बसते, आणि तिने "बंद कर" म्हटलं की कारण न विचारता बंद करते.

"खरी संकटं कमी आहेत का?"

हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. महापूर आहेत, युद्धं आहेत, आणि आपण खोट्या जगबुडीत रमायचं?

कोविडच्या काळात अमेरिकेत ३१० लोकांचा एक अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. भीतीचे सिनेमे आवडणाऱ्यांना त्या दिवसांत मानसिक त्रास कमी झाल्याचं दिसलं, आणि परग्रहवासी, झॉम्बी, जगबुडी असले सिनेमे बघणारे स्वतःला जास्त तयार समजत होते. यावरून सिनेमामुळेच माणूस खंबीर होतो असं म्हणता येत नाही. कदाचित मुळात तशा स्वभावाचेच लोक असे सिनेमे बघत असतील. तरी रंगीत तालमीसारखं काहीतरी घडत असावं, असं मला वाटतं.

पण या सिनेमांची एक शिकवण मी मानत नाही. जग कोसळलं की माणसं एकमेकांवर तुटून पडतात, शेजारी शेजाऱ्याला लुटतो, राक्षसापेक्षा माणूस वाईट, हे त्यांत जवळजवळ ठरलेलं असतं. अमेरिकेत १९६३ साली आपत्तींच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एन्रिको क्वारांटेली यांनी अनेक वर्षं भूकंप, वादळं, स्फोट यांनंतर लोक कसे वागतात ते तपासलं. सैरावैरा पळापळ आणि लुटालूट त्यांना फारच क्वचित आढळली. बहुतेक वेळी अनोळखी माणसंच पहिल्यांदा मदतीला आली.

२६ जुलै २००५ ला मी विक्रोळीहून ठाण्याला चालत आले. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की गाड्या बंद आहेत, दिवे गेलेत आणि पाणी कुठे गुडघ्यापर्यंत आहे, कुठे कमरेपर्यंत. चोवीस वर्षांची होते, एकटी. जगबुडीच्या सिनेमात अशा मुलीचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. कांजूरमार्गच्या पुढे अंधारात चार-पाच अनोळखी पुरुषांनी हातात हात धरून साखळी केली होती, उघड्या गटाराच्या कडेने, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते पलीकडे सोडत होते. भांडुपला एका चाळीच्या तोंडाशी एक बाई स्टुलावर पातेलं ठेवून बसल्या होत्या. चहा गार झालेला होता. त्यांनी पार्ले-जीचा पुडा फोडला, चार बिस्किटं माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "घरी कोण आहे गं? त्यांना कळलंय का?" रात्री दोनला मी घरी पोचले तेव्हा आई जिन्यात उभी होती.

आपल्या जिल्ह्यात असा सिनेमा होत नाही असं नाही. २०२२ साली मराठीत झॉम्बी आले ते थेट डोंबिवलीत. उद्या कुणी ठाण्याच्या खाडीतून काही बाहेर काढलं, कळव्याचा पूल पाडला, माजिवड्याच्या उड्डाणपुलावर वेली चढवल्या, तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढून जाईन. म्हातारा जाऊ दे, कुत्रा वाचू दे, मिठाने तो प्राणी मरू दे, सगळं चालेल. फक्त त्या बाई, त्यांचं पातेलं आणि तो प्रश्न त्यात असायला हवा.